तुरुंगाच्या दाराबाहेर : तो आणि ती

एक प्रसंग मनाशी रंगवून पाहावा. छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल मध्यवर्ती कारागृहातून एकाच सकाळी दोन माणसे सुटतात. दोघेही आपल्याच जालना जिल्ह्यातील; एक पुरुष, एक स्त्री. दोघांनीही शिक्षा पुरी भोगली आहे, कायद्याचे देणे फेडले आहे. पुरुषाला न्यायला धाकटा भाऊ मोटारसायकल घेऊन आला आहे. संध्याकाळपर्यंत जुने मित्रही भेटून जातील. स्त्री हातातील पिशवी सावरीत जालन्याच्या बसची चौकशी करते. तिला न्यायला कोणीही आलेले नाही.

आता वाचकांना दोन प्रश्न. या दोघांपैकी पुन्हा गुन्हा करून त्याच दाराशी परत येण्याचा संभव कोणाचा अधिक? आणि या दोघांपैकी एकाला आपल्या दुकानात, जिनिंगमध्ये किंवा गोदामात काम द्यायचे झाले, तर आपण ते कोणाला देऊ?

पहिल्या प्रश्नाचा शोध अभ्यासकांनी देशोदेशी घेतला आहे आणि उत्तर जवळजवळ सर्वत्र एकच आले आहे : पुरुषाचा संभव अधिक. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आपण मनापासून दिले, तर बहुतेकांच्या तोंडून ‘पुरुषाला’ असेच येईल. ‘पुरुषाच्या हातून एखादे वेळी चूक होते, पण बाईमाणूस तुरुंगात जाऊन आली म्हणजे...’ असे म्हणून आपण वाक्य अर्ध्यावर सोडून देतो. ज्याच्याकडून धोका अधिक त्याला काम, आणि जिच्याकडून धोका कमी तिला बंद दार! असा व्यवहार कोणत्याही चोख वहीत मांडता येणार नाही. तरीही तो आपण वर्षानुवर्षे करीत आलो आहोत.

आकड्यांची बाजू

आपल्या देशात तुरुंगात जाणाऱ्यांमध्ये मुळातच स्त्रिया थोड्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांत स्त्रिया २३,७७२. म्हणजे शंभरांत चार. त्यांपैकी सुमारे दीड हजार मातांबरोबर त्यांची सतराशेहून अधिक लहान मुलेही भिंतीआड राहत होती.

सुटल्यानंतरच्या वर्तनाचा मोठा अभ्यास अमेरिकेच्या न्याय सांख्यिकी विभागाने केला. २००५ साली तीस राज्यांतील तुरुंगांतून सुटलेल्या सुमारे चार लाख लोकांचा त्यांनी माग ठेवला. पाच वर्षांच्या आत शंभर पुरुषांमागे सुमारे ७८ जणांना, तर शंभर स्त्रियांमागे सुमारे ६८ जणींना पुन्हा अटक झाली. नऊ वर्षांनी पाहिले, तेव्हा हे प्रमाण पुरुषांत ८४ आणि स्त्रियांत ७७ झाले होते.

या आकड्यांतून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. स्त्रिया पुन्हा गुन्ह्याकडे कमी वळतात, ही पहिली. दुसरी तितकीच महत्त्वाची : स्त्री असणे हे काही अभेद्य कवच नव्हे. बाहेर आल्यावर आधार मिळाला नाही, तर वर्षे लोटतील तसे हे अंतर कमी होत जाते.

येथे एक सावधगिरी हवी. व्यापारी माणूस एकूण विक्री, नफा आणि हातातील रोकड यांची कधी गल्लत करीत नाही. तसेच ‘पुन्हा अटक’, ‘पुन्हा शिक्षा’ आणि ‘पुन्हा तुरुंग’ ही तीन निरनिराळी मापे आहेत. वरील आकडे पुन्हा अटकेचे आहेत. नॉर्वेत केवळ २० टक्के लोक गुन्ह्याकडे परततात असे आपण ऐकतो. तो आकडा दोन वर्षांच्या आत पुन्हा शिक्षा झालेल्यांचा असतो. एका देशाची विक्री आणि दुसऱ्या देशाचा नफा शेजारी मांडून निष्कर्ष काढू नये. मात्र एकाच देशात, एकाच मापाने पुरुष आणि स्त्री मोजले, तर स्त्रीचा आकडा लहान येतो, हे निश्चित.

हा फरक येतो कोठून?

‘स्त्रीचे मन कोमल असते’ एवढे म्हणून हात झटकण्यात अर्थ नाही. खरे कारण गुन्ह्याच्या प्रकारात दडलेले आहे. भारतात शिक्षा भोगणाऱ्या स्त्रियांमध्ये सर्वांत मोठी संख्या खुनाच्या गुन्ह्याची असते, आणि तिच्या पाठोपाठ हुंडाबळीच्या गुन्ह्याची. ऐकायला हे भयंकर वाटते. पण हे गुन्हे बहुधा घराच्या चार भिंतींत, नात्यांच्या गुंत्यात घडलेले असतात. वर्षानुवर्षे मार खाणारी पत्नी एके दिवशी हत्यार उचलते. सुनेचा छळ करणारी सासू मुलाबरोबर आरोपी होते. अपराध गंभीर आहे, शिक्षा रास्त आहे. परंतु ज्या परिस्थितीतून तो घडला ती पुन्हा जशीच्या तशी उभी राहणे दुर्मीळ. गुन्ह्याचे गांभीर्य आणि तो पुन्हा घडण्याचा संभव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण नेमकी त्यांचीच सरमिसळ करतो.

याउलट चोरी, घरफोडी, लूट हे गुन्हे धंद्यासारखे चालतात. त्यांना साथीदार लागतात, हत्यारे लागतात आणि मुख्य म्हणजे माल घेणारा लागतो. चोरीचा माल स्वस्तात घेणारे दुकान उघडे असते, म्हणून चोराचे दुसऱ्यांदा मन होते. कायदा अशा खरेदीदारालाही गुन्हेगारच मानतो. या साखळीत पुरुष अधिक असतात, आणि तुरुंगातून सुटताच तीच साखळी त्यांना हाक मारते. आरंभीच्या प्रसंगातील पुरुषाला संध्याकाळी भेटायला आलेले मित्र आठवावेत. स्त्रियांमध्येही ज्या परत येतात, त्यांच्या मागे बहुधा लहानसहान चोऱ्या, व्यसन आणि दारिद्र्य हेच असते.

इंग्लंडमध्ये स्टायल येथील स्त्रियांच्या तुरुंगात २००२-०३ मध्ये वर्षभराच्या काळात सहा स्त्रियांचे मृत्यू झाले. त्यानंतर बॅरोनेस जीन कॉर्स्टन यांनी केलेला अहवाल २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातील हिंसाचार, मनाचे आजार, व्यसने, गरिबी आणि एकटीने मुले वाढविण्याचा भार अशा वाटांनी स्त्रिया तुरुंगात पोहोचतात. म्हणून त्यांच्यासाठी वेगळी व्यवस्था हवी, असे त्या अहवालाने ठासून मांडले. संयुक्त राष्ट्रसंघानेही डिसेंबर २०१० मध्ये महिला बंदींविषयीचे ‘बँकॉक नियम’ स्वीकारले. पुरुषांसाठी आखलेला तुरुंग आणि पुरुषांसाठी आखलेले पुनर्वसन स्त्रीला जसेच्या तसे लागू पडत नाही, ही गोष्ट जगाने एवढ्या उशिरा मान्य केली.

घर : एकाला दोर, दुसरीला उंबरठा

माणूस गुन्हा सोडतो तो कशामुळे? शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने बोस्टन परिसरातील ५०० बालगुन्हेगार मुलांचा अभ्यास केला होता. रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब या संशोधकांनी त्याच मुलांचा पुढे, त्यांची सत्तरी येईपर्यंत, माग काढला. स्थिर नोकरी, चांगले लग्न, लष्करातील शिस्त यांनी पुष्कळांच्या आयुष्याला वळण दिले, असे त्यांना आढळले. घर हा पुरुषाला वर ओढून घेणारा दोर ठरला. मात्र ती पाचशेही मुलेच होती. मुलगी एकही नव्हती.

स्त्रियांचे काय? पेगी जोर्डानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्यात सुधारगृहात राहिलेल्या मुलींना त्या मोठ्या झाल्यावर पुन्हा गाठले, आणि २००२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. लग्न आणि नोकरी यांनी आयुष्य बदलते, हे सूत्र येथे तितकेसे लागू पडेना. अनेक स्त्रियांच्या बोलण्यात पुन:पुन्हा दोन गोष्टी आल्या : आपली मुले आणि धर्मश्रद्धा. पुरुष मात्र तुरुंगाचा अनुभव, उपचार किंवा कुटुंब यांना अधिक श्रेय देत होते. कोणत्याही आधाराला घट्ट धरायचे तर आधी स्वतःच्या मनाने बदलायला तयार व्हावे लागते, हेही त्या अभ्यासाने दाखविले.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक कडवट पदर आहे. पुरुष तुरुंगात गेला की पत्नी घर सांभाळते, मुलाखतीला डबा घेऊन जाते, वकिलासाठी दागिने मोडते. स्त्री तुरुंगात गेली की बहुधा सासर तोंड फिरवते आणि माहेर संकोचाने गप्प बसते. महाराष्ट्रात बंद्यांना संचित रजा, म्हणजे फर्लो, मिळते. १९५९ च्या नियमांनुसार त्यासाठी बंद्याला घरी ठेवून घेण्यास तयार असलेला आणि हमीपत्र देणारा नातलग लागतो. नियम स्त्री-पुरुष दोघांनाही सारखाच आहे. पण जिला न्यायला कोणी यायलाच तयार नाही, तिच्यासाठी तो नियम म्हणजे दुसरे कुलूप होते.

आई आत असताना मुलांचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय प्रकरणात हाताळला. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. पुढे त्याची व्यवस्था बाहेर करावी लागते. आपल्या राज्यातील कारागृहांत ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम होतो. एरवी जाळीआडून दिसणारी मुले त्या दिवशी आई-वडिलांच्या मिठीत येतात. संशोधक ज्याला बदलाचा आधार म्हणतात, तो त्या मिठीत असतो. मुलांशी नाते तुटू न देणे ही आईवर केलेली कृपा म्हणून पाहू नये. पुढचा गुन्हा टाळण्याचा तो एक खात्रीचा उपाय आहे.

अपवाद आणि शिक्का

कोणी म्हणेल, ‘कोल्हापूरच्या त्या दोघी बहिणी विसरलात काय?’ नाही. रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांनी आईच्या साथीने १९९० ते १९९६ या काळात लहान मुलांची अपहरणे केली आणि काहींचे जीव घेतले. २००१ मध्ये त्यांना फाशीची शिक्षा झाली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावरील अक्षम्य विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. पुन:पुन्हा गुन्हा करणारी स्त्री असू शकते, हे या प्रकरणाने दाखविले. पण महाराष्ट्राला ही नावे इतक्या वर्षांनीही पाठ आहेत, ती ते उदाहरण विरळ आहे म्हणून. विरळ उदाहरणावरून रोजचा व्यवहार ठरवू लागलो, तर एका बुडीत उधारीवरून सगळ्या गिऱ्हाइकांना दार बंद करावे लागेल.

शिक्का किती खोल जातो, हे आपल्या मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. स्त्रिया आणि पाळण्यातील बाळेही त्यातून सुटली नाहीत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कलंक कायद्यातून पुसला गेला. मनातून पुसला गेला नाही. लातूर भागातील लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कष्टाचे काम मागायला गेलेल्या माणसाला जात पाहून परत पाठविले, की त्याच्यापुढे कोणती वाट उरते, हे त्या पुस्तकाने सुशिक्षित घरांना दाखविले. आपण अविश्वास दाखवितो, त्यामुळे काम मिळत नाही. काम नाही म्हणून तो माणूस जुन्या वाटेला लागतो. आणि मग आपण म्हणतो, ‘पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?’

आपल्या हातात काय आहे?

तुरुंग ही ‘त्यांच्या’ घरची गोष्ट आहे, असा समज प्रथम सोडावा. चेक न वटल्याच्या खटल्यात दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हुंड्याच्या छळाचा गुन्हा कोणत्याही पेढीच्या दारात येऊ शकतो. आपल्यातील एखादा व्यापारी आर्थिक प्रकरणात आत जाऊन आला, तर आपण म्हणतो, ‘धंद्यात होते असे’. आणि आठवड्याने तो मोंढ्यात आपल्या गादीवर बसलेला दिसतो. ही क्षमाशीलता वाईट नाही. ती एवढीच मर्यादित का, हा प्रश्न आहे.

पुढील गोष्टी जालन्यासारख्या बाजारपेठेच्या गावात सहज शक्य आहेत.

पहिली, कायद्याची मदत. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार प्रत्येक स्त्रीला आणि कोठडीतील प्रत्येक व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला जामीन मिळू शकतो. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या शिक्षेची आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ही सवलत नाही. पहिली चूक आणि सवय यांत कायदा स्वतःच असा भेद करतो. आपल्या ओळखीतल्या गरीब घरातील कोणी अशी अडकली असेल, तर एवढी माहिती योग्य ठिकाणी पोहोचविणे हेही मोठे काम आहे.

दुसरी, पत. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ मध्ये येरवड्यापासून ‘जिव्हाळा’ नावाची कर्जयोजना सुरू केली. बंद्याला जामीनदाराशिवाय ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के, आणि फेड त्याच्या तुरुंगातील मजुरीतून. आत बसलेल्या माणसाची मजुरीही पत मानता येते, हे एका बँकेने दाखविले. व्यापाऱ्याला हे कोणी शिकवावे असे नाही. आपले वाडवडील माणूस पारखूनच उधारी देत आले.

तिसरी आणि सर्वांत मोलाची, काम. सुटून आलेल्या माणसाच्या हाती पहिल्याच दिवशी गल्ला द्यावा, असे कोणी म्हणत नाही. नवा मुनीमही आपण आधी गोदामात, मग पावत्यांवर आणि वर्षभराने रोकडीवर बसवितो. तोच क्रम येथे ठेवावा. पूर्वी काय घडले हे मालकाला ठाऊक असावे. साऱ्या दुकानाला ठाऊक असण्याचे कारण नाही. पुरुषाला काम देताना त्याचा रिकामा वेळ आणि जुनी संगत यांवर लक्ष असावे, कारण त्याचा धोका तेथे आहे. स्त्रीला काम देताना तिचे राहण्याचे ठिकाण सुरक्षित आहे काय, मुले शाळेत जातात काय, आणि तिच्या भूतकाळाचा धाक दाखवून कोणी तिचा गैरफायदा तर घेत नाही ना, हे पाहावे. कारण तिचा धोका तेथे आहे. मजुरी मात्र दोघांनाही इतरांइतकीच असावी. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून अशा स्त्री-पुरुषांना कायद्याची मदत, प्रशिक्षण आणि रोजगार देण्यासाठी झटत आहे. आपल्या गावी तेवढी मोठी संस्था नसली, तरी दहा पेढ्यांनी प्रत्येकी एक जागा ठेवली तर दहा घरे सावरतील.

सुदर्शन शेठ कोठे आहेत?

पर्युषणात अंतगड सूत्राचे वाचन होते, तेव्हा अर्जुनमाळ्याची कथा आपण सर्व ऐकतो. सहा गुंडांनी त्याच्या पत्नीवर, बंधुमतीवर, अत्याचार केला. यक्षाच्या आवेशात अर्जुनाने त्या सहा जणांना मारले आणि तिलाही मारले. पुढे रोज सहा पुरुष आणि एक स्त्री असे सात जीव तो घेत राहिला. सारे राजगृह दारे लावून बसले असता सुदर्शन शेठ एकटे बाहेर पडले, आणि त्यांच्यासमोर अर्जुनाचा आवेश उतरला. शेठ त्याला प्रभू महावीरांकडे घेऊन गेले.

कथेचा पुढचा भाग आपण भराभर ऐकून सोडतो. दीक्षा घेतलेला अर्जुन गोचरीला निघाला, तेव्हा त्याच राजगृहातील लोकांनी त्याला शिव्या दिल्या, मारले. त्याने सहा महिने ते समभावाने सोसले. तो बदलला होता. नगराला बदलायला वेळ लागला. पण अर्जुनाच्या मागे संघ होता, आणि त्याला हात देणारा एक व्यापारी होता.

आणि बंधुमती? जिच्यावर अन्याय झाला, तीच अपराध्यांच्या ओळीत सातवी म्हणून मोजली गेली. आज महिला बॅरकमध्ये बसलेल्या कित्येक जणींची कहाणी याहून फार वेगळी नाही. आधी सोसणे, मग अपराध, मग शिक्षा, आणि सुटकेनंतर पुन्हा सोसणे. त्या गुन्ह्याकडे परतत नाहीत, म्हणून आकडेवारीत त्यांची नोंद ‘यशस्वी’ अशी होते. पण मुले दुरावलेली, काम नाही, राहायला खोली नाही, अशा अवस्थेत ती कोठे दिसेनाशी झाली, हे कोणत्याही रकान्यात लिहिलेले नसते. पुरुष परत तुरुंगात आला की समाजाचे अपयश मोजले जाते. स्त्री मुकाट्याने विरून गेली, तर तेच अपयश यश म्हणून खपते.

संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो आणि सर्वांना क्षमा करतो. तो शब्द मोंढ्यापर्यंत, गादीपर्यंत आणि कामाच्या हजेरीपटापर्यंत पोहोचवायचा असेल, तर आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नव्याने द्यावे लागेल. जालन्याच्या बसस्थानकावर पिशवी घेऊन उतरलेली ती स्त्री उद्या कामाची विचारणा करीत आपल्या दुकानाच्या पायरीशी येईल. ‘येथे काम नाही’ म्हणण्यापूर्वी तिला बसायला सांगावे, पाणी द्यावे, आणि काय काम येते एवढे विचारावे.